वसावे गुरुजी आणि ठिपक्यांचा तरस

प्राण्याचा फोटो आला की मी आधी प्राणी बघत नाही, मागचे झाड बघतो. झाड नसेल तर गवत, गवत नसेल तर माती. ही सवय वसावे गुरुजींची. त्यांनी ती मला शिकवली तेव्हा मी मान डोलावली होती. ज्या दिवशी तिचा उपयोग करायचा होता त्या दिवशी मी तो केला, पण उलटा.

तळोद्यात धडगावकडे जाणाऱ्या जीप जिथून सुटतात, तिथे इब्राहिमभाई टेलरचे दुकान आहे. दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळा होता. शाळेने काढून टाकलेला, एका कोपऱ्यात तडा गेलेला. सकाळी आठच्या सुमारास गुरुजी तिथे येत. पांढरा शर्ट, खिशात दोन पेन, पायांत रबरी चपला. खडू ते आधी पाण्यात बुडवत. ओल्या खडूचे अक्षर लिहिताना पुसट दिसते, वाळले की ठळक उठते आणि वाऱ्याने उडत नाही. मग तीन बातम्या लिहीत. वरची डोंगरातली: कोणत्या घाटात दरड आली, कोणत्या गावात लसीकरण आहे. मधली हवामानाची. खालची आफ्रिकेची.

आफ्रिकेची बातमी कधी चुकली नाही. केनियात पाऊस लांबला, गुराखी गुरे घेऊन निघाले. सुदानमध्ये लढाई, माणसे सरहद्द ओलांडून चाडमध्ये. बोट्स्वानात हत्ती वाढले, शेतकरी आणि सरकार यांच्यात वाद. जीप भरेपर्यंत माणसे फळ्यासमोर उभी राहत. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचे, बाकीचे ऐकत. ऊसतोडीला गुजरातेत निघालेल्या एका बाईने सुदानची बातमी ऐकून विचारलेले मी ऐकले आहे: "त्यासनी पोरं संगे लई ग्यात का गावले ठी ग्यात?" पोरे बरोबर नेली की गावी ठेवली, हे गुरुजींना माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते शोधून लिहिले. ती बाई तोवर गेली होती.

मी त्या वेळी एका जिल्हा दैनिकाचा तळोदा तालुक्याचा बातमीदार होतो. गुरुजी आश्रमशाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. मूळ गाव वर डोंगरात. घरी भिली, बाजारात अहिराणी आणि माझ्याशी पुस्तकी मराठी बोलत. मला नावाने हाक मारत नसत. "पत्रकार" म्हणत. त्यात आदर किती आणि चौकशी किती, हे मला नीट कळले नाही.

त्यांच्यासमोर एक शब्द जपून वापरावा लागे: आफ्रिका. "आफ्रिकेत म्हणे पूर आला," असे कोणी म्हटले की ते मान वर न करता विचारत, "कोणत्या देशात?" मग पुढचे वाक्य येई. "आफ्रिका देश नाही, खंड आहे. पन्नासच्या वर देश आहेत. एकात पूर असतो तेव्हा दुसऱ्यात माती उडत असते." एका लग्नाच्या पंगतीत कोणी पाहुणा उकाड्याने हैराण होऊन "आज तं आफ्रिकाच व्हई गयी" म्हणाला. गुरुजींनी हातातला घास ताटात परत ठेवला. "इथिओपियाच्या डोंगरात आत्ता लोक घोंगडी पांघरून बसले असतील," ते म्हणाले, आणि घास उचलला.

हाच प्रश्न त्यांनी माझ्यावरही वापरला. "आदिवासी भागात रस्त्यांची दुरवस्था" अशी माझी बातमी आली होती. सकाळी फोन.

"पत्रकार, कोणत्या गावात?"

मी म्हणालो, सगळीकडेच आहे की गुरुजी.

"सगळीकडचा रस्ता कोणी दुरुस्त करत नाही. बाळंतीण झोळीतून न्यावी लागली, तर ती एका गावातून नेली. त्या गावाला नाव आहे. भाग म्हटलं की कोणालाच जावं लागत नाही."

त्यानंतर मी गावाचे नाव लिहू लागलो. निदान त्यांच्या वाचनात येईल अशा बातमीत तरी.

दुसरा त्यांचा नियम होता दोन कानांचा. "एका कानाची बातमी फळ्यावर नाही," ते म्हणत. रेडिओवर ऐकले तर ते मोबाइलवर शोधायचे, मोबाइलवर वाचले तर कोणाला तरी विचारायचे. तालुक्याच्या बातमीसाठी त्यांचा दुसरा कान मी होतो. आफ्रिकेसाठी त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. बोअर मारणाऱ्या गाडीबरोबर तो टांझानियात गेला होता आणि तिथून भिलीत आवाज रेकॉर्ड करून पाठवी. तो संदेश आला की गुरुजी दुकानात शिरून फोन कानाला लावत आणि इब्राहिमभाई मशीन थांबवत.

"काय गुरुजी, आज टांझानियामा काय भाव शे?"

"मक्याचा विचारता का माणसाचा?"

"मक्याना सांगा. माणूसना आठे बी माले मालूम शे."

एवढे झाले की मशीन पुन्हा सुरू होई.

आफ्रिकाच का, हे मी त्यांना एकदा विचारले. त्यांनी खडूचा तुकडा चिंधीत गुंडाळून खिशात ठेवला. मग सांगितले. सातवीत असताना त्यांना हा धडा शिकवायला खालच्या मुलखातले एक शिक्षक होते. पुस्तकात भाला घेतलेल्या माणसाचे चित्र होते. शिक्षकाने चित्रावर बोट ठेवले आणि वर्गाला म्हटले, हे बघा, तुमचेच भाऊबंद. आणि हसले.

"मला राग यायला पाहिजे होता," गुरुजी म्हणाले. "आला नाही. मी चित्राकडे बघतच बसलो. एवढ्या लांब आपली माणसं आहेत, आणि आजवर कोणी सांगितलंच नाही, असं वाटलं."

पुढे ते स्वतः शिक्षक झाले. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणीत आफ्रिकेचा धडा दिवाळीनंतर सुरू होऊन होळीला संपे. मधल्या काळात पुस्तकातली एक ओळ ते मुलांकडून पेनाने खोडून घेत. तिथल्या लोकांना मागास ठरवणारी ती ओळ होती. एके वर्षी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी एका मुलीचे पुस्तक उघडले. तीस पुस्तकांत तीच ओळ खोडलेली निघाली.

"ही कोणी खोडली?"

"मी."

"गुरुजी, पुस्तक सरकारचं आहे."

"ओळ अपुरी आहे साहेब. कोणत्या देशातले लोक, ते लिहिलेलं नाही."

अधिकाऱ्यांनी शेरेबुकात काय लिहिले ते मला कळले नाही. ओळ खोडलेलीच राहिली, हे तिघा विद्यार्थ्यांनी मला सांगितले.

नामिबियातून मध्य प्रदेशात चित्ते आणले त्या दिवशी फळ्यासमोर जीपचा रस्ता अडेल एवढी माणसे जमली होती. गुरुजींनी त्या दिवशी तीनही बातम्यांची जागा एकाच बातमीला दिली. तसे त्यांनी माझ्या माहितीत एकदाच केले. एका ड्रायव्हरने विचारले, "गुरुजी, तठला वाघ आठे आणतस, मंग आठला कोनले तठे धाडतस?"

"वाघ नाही. चित्ता."

"तेच ना. चित्ताना बदलामा कोण जाई?"

"तू जातो का?"

"जीप लई जाऊ देतस व्हई तं जास."

सगळे हसले. मागे डोंगरातला एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. हसणे थांबल्यावर त्याने भिलीत काही विचारले. गुरुजींनी ते मराठीत करून मला सांगितले: जिथे ते जनावर सोडले, तिथल्या गावांना विचारले होते का? गुरुजींनी त्याला काय उत्तर दिले ते मला समजले नाही. उत्तर लहान होते.

आता तरसाबद्दल.

तळोद्याजवळ डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे. नाव देत नाही. गुरुजी असते तर त्यांनी विचारले असते, कोणते गाव. मला माहीत आहे, पण तिथल्या तिघांवर खटला आहे. गावाच्या उत्तरेला नाला आहे. मेलेले ढोर त्या नाल्याकाठी नेऊन टाकायची तिथली रीत. नाल्याच्या कडेला दरीत तरसाच्या मादीचे बीळ होते. ती अंधार पडल्यावर निघे आणि ढोराची हाडेसुद्धा शिल्लक ठेवत नसे. तरस पोरे उचलतो, असा समज गावात जुना होता. मी सांगतोय त्याच्या दोन वर्षे आधी बिळाला मिरच्यांची धुरी द्यायचे ठरले होते. सुक्या लाल मिरच्या गोवऱ्यांवर टाकून बिळाच्या तोंडाशी पेटवायच्या आणि बाकीची तोंडे दगडांनी बंद करायची. आत जे असेल ते बाहेर येत नाही.

ते गुरुजींना कळले. गावातला सुकलाल हा त्यांचा विद्यार्थी. पन्नाशीचा, शेळ्या पाळणारा, गावात ज्याचे ऐकतात असा माणूस. गुरुजींनी त्याला एवढेच सांगितले की धुरी दे, पण आधी चार सकाळी माझ्याबरोबर समोरच्या काठावर बस. सुकलाल बसला. तीन सकाळी काही दिसले नाही. चौथ्या दिवशी उजाडता उजाडता मादी परत आली, काठावरची माणसे पाहून थबकली, मानेवरचे केस उभे केले आणि शेपूट खाली घालून झुडपात शिरली. सुकलाल कुजबुजला, "गुरुजी, हाऊ तं माले भ्याई ऱ्हायना!"

तो मलाच भितोय, हे सुकलालचे वाक्य गुरुजी नंतर अनेकदा सांगत. आफ्रिकेतल्या कोणत्याही सिंहापेक्षा त्यांना या वाक्याचा अभिमान होता. गावाने धुरी रद्द केली. बीळ कुठे आहे ते गुरुजींनी फळ्यावर कधी लिहिले नाही. मला दाखवले आणि छापू नका म्हणाले. मी छापले नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, एका हिवाळ्यात, सुकलालच्या गोठ्यात दोन शेळ्या सकाळी मेलेल्या सापडल्या. गुरुजी जाऊन दातांच्या खुणा आणि माग बघून आले. कुत्री असावीत, असे त्यांचे मत होते. पण ते एका कानाचे आहे, म्हणाले. वनखात्याच्या माणसाला दाखवून उद्या सांगतो, असे त्यांनी गावाला आणि मला सांगितले. गावानेही उद्यापर्यंत थांबायचे कबूल केले.

त्याच दिवशी दुपारी बातमीदारांच्या ग्रुपवर एक फोटो आला. पाच तरस, एकत्र, गवतात. खाली मजकूर: तळोदा शिवारात तरसांची टोळी. फोटो कोणी काढला ते कोणाला माहीत नव्हते. मी तो गुरुजींना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"पत्रकार, हा आपला तरस नाही. अंग बघा. ठिपके आहेत. आपल्याकडच्याला पट्टे असतात. ठिपक्यांचा फक्त आफ्रिकेत. तो टोळीने फिरतो, आपला एकटा."

"नक्की?"

"मागचं झाड बघा. वरून सपाट आहे, छत्रीसारखं. हा बाभळीचाच भाऊ, पण आपल्याकडे असा वाढत नाही. केनिया किंवा टांझानिया. कोणता देश ते संध्याकाळपर्यंत विचारून सांगतो."

मी म्हणालो, देश कोणता ते नाही कळले तरी चालेल.

"तुम्हाला चालेल," ते म्हणाले. "हा फोटो छापू नका. गाव उद्यापर्यंत थांबलंय."

मी म्हणालो, बघतो.

तालुक्याचे पान संध्याकाळी सहाला जात असे. माझी बातमी फोटोसह आधीच नंदुरबारला गेली होती, मथळा बसला होता आणि त्या दिवशी पानावर दुसरा फोटो नव्हता. इतर दोन दैनिकांकडे तोच फोटो होता, हेही मला माहीत होते. फोटो पानावरून काढून टाकायला डेस्कला फोन करावा लागला असता. दोन मिनिटांचे काम होते. मी फोन केला. पान लावणाऱ्याला सांगितले की फोटोचा वरचा भाग कापा, झाड दिसता कामा नये.

त्याने का म्हणून विचारले नाही. पान लावणारे विचारत नाहीत. मी ते का केले याची जी कारणे वर दिली ती सगळी खरी आहेत. त्यांतले एकही पुरेसे नाही. फोटो खोटा आहे हे मला ठाऊक नसते, तर झाड कापायची गरजच पडली नसती.

सकाळी पेपर आला. "तरसांची टोळी शिवारात, शेतकऱ्यांत घबराट." गुरुजींनी फळ्यावर वरच्या जागी लिहिले: आजच्या वर्तमानपत्रातील चित्र आफ्रिकेतील आहे. आपला तरस एकटा असतो, त्याला पट्टे असतात, तो माणसावर जात नाही. कोणत्या वर्तमानपत्रातील, ते लिहिले नाही. असे नाव न घेता लिहिलेले मी त्यांचे पहिल्यांदा पाहिले. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो.

पायथ्याच्या गावातले दोघे बाजाराला आले होते. एकाने पेपर उघडून फळ्याशेजारी धरला.

"गुरुजी, पेपरवालासले काय येड लागेल शे का? छापतस तं देखीनच छापतस ना?"

"चूक त्यांच्याकडून बी व्हस."

"आन तुमनाकडून नही व्हस?"

"व्हस. म्हणून तं दोन जणसले विचारस."

"पेपरले हजार जण वाचतस," तो म्हणाला. इब्राहिमभाईंनी आतून मशीन थांबवले होते.

दुपारी गुरुजींचा फोन आला. "पत्रकार, वनखात्याचा माणूस अजून आलेला नाही. उद्या एक ओळ. चित्र आफ्रिकेतलं होतं, एवढंच. तुमचं नाव नको, माझं नको."

मी म्हणालो, संपादकांना विचारतो. मी विचारले नाही. विचारले असते तर झाड कोणी कापले हे सांगावे लागले असते. दुसऱ्या दिवशीच्या अंकात ती ओळ नव्हती. त्या दिवशी गुरुजींचे दोन फोन आले. मी ते घेतले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी गावाने बिळाला धुरी दिली.

मी बातमीदार म्हणून तिथे गेलो. पोचलो तेव्हा गोवऱ्या विझल्या होत्या, पण मिरचीचा ठसका हवेत होता आणि वीस-पंचवीस माणसे उपरणी तोंडाला लावून खोकत होती. दगड बाजूला काढले होते. बिळाबाहेर मादी आणि तिची दोन पिल्ले ओढून ठेवली होती. पिल्ले मांजरापेक्षा फार मोठी नव्हती. तिघांच्याही अंगावर काळे आडवे पट्टे होते.

गुरुजी पिल्लांजवळ उकिडवे बसले होते. ते माझ्या आधी तासभर पोचले होते, तेव्हा धूर चालू होता. सुकलाल त्यांच्यासमोर उभा होता. हातात माझा पेपर, घडी करून करून मऊ झालेला.

"सुकलाल, तू मन्हासंगे चार सकाय बठना व्हता," गुरुजी म्हणाले. "हाऊच व्हता ना?"

सुकलालने पेपर बघितला, मग मादी बघितली. पुन्हा पेपर बघितला.

"गुरुजी, याले पट्टा शेतस. फोटोमा ठिपका शेतस."

"हां. मंग?"

"मंग फोटोवाला दुसरा. हाई ती टोळी नही. टोळी आजून मोकळी शे."

भोवतालच्या माणसांनी माना हलवल्या. हे त्यांना पटले. दोघे-तिघे लाठ्या घेऊन नाल्याच्या वरच्या अंगाला निघालेसुद्धा. गुरुजींनी त्यांना थांबवायला हात वर केला आणि पुन्हा खाली आणला. मग त्यांनी सुकलालकडून पेपर मागून घेतला. फोटोच्या वरच्या कडेवर, जिथे आकाश मध्येच संपत होते, तिथे अंगठा ठेवला.

"आठे एक झाड व्हतं," ते म्हणाले.

"कोणतं झाड, गुरुजी?" सुकलालने विचारले.

मी तीन पावलांवर होतो. त्यांनी मला पाहिले होते, हे नक्की. मी आलो तेव्हा त्यांनी सवयीने मान हलवली होती. त्यांनी सुकलालला पेपर घडी करून परत दिला.

वनखात्याची माणसे आली, पंचनामा सुरू झाला. साक्षीदार म्हणून गुरुजींचे नाव घ्यायचे होते. ते म्हणाले, "धुरी कोणी दिली ते माहीत आहे. चित्र कोणी छापलं तेही माहीत आहे. दोन्ही लिहिणार असाल तर सही करतो."

"गुरुजी, चित्राचा इथं काय संबंध?" अधिकारी म्हणाले. ते चिडले नव्हते. त्यांना खरोखरच संबंध दिसत नव्हता. "जे इथं घडलं तेवढं लिहायचं असतं."

"मग माझी सही नको," गुरुजी म्हणाले.

त्यांनी कोणाचेच नाव सांगितले नाही. सुकलालचे नाही, आणि ज्याच्याकडे बोट दाखवायला फक्त मान वळवायची होती त्याचेही नाही. मी वहीत त्यांचे वाक्य लिहून घेतले होते. बातमीत ते घेतले नाही. "अज्ञात व्यक्तींनी बिळात धूर करून" असे लिहिले. ती बातमी पहिल्या पानावर लागली. संपादकांनी फोन करून छान म्हटले. पुढे तपासात सुकलाल आणि आणखी दोघांवर गुन्हा दाखल झाला.

फळा बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी तीन बातम्या होत्या, अक्षर तेच, खडू ओला. एवढेच की सकाळचा फोन यायचा थांबला. तालुक्याच्या बातमीसाठी गुरुजींनी दुसरा कान शोधला. तो कोण, हे मी इब्राहिमभाईंना विचारले. त्यांनी टेप गळ्यात टाकली, कापडावर खडूची रेघ मारली आणि म्हणाले, "भाऊ, तुम्हना शर्ट शिवाना शे का?" मला शर्ट शिवायचा नव्हता.

रस्त्यात भेटले तर गुरुजी नमस्कार करत. तब्येत विचारत. कोर्टाच्या तारखेला ते सुकलालबरोबर एसटीने जात, हे मी दोनदा पाहिले. एकदा दोघे स्टँडवर शेंगा खात बसले होते आणि सुकलाल त्यांना काही सांगून हसवत होता. मी समोरून गेलो. हसणे थांबले नाही. थांबले असते तर मला बरे वाटले असते.

त्या एका ओळीचा खुलासा मी नंतर बऱ्याचदा लिहिला. सोपी ओळ आहे. तो छापण्याची वेळ कुठली, हे मात्र कळेना. आठवड्याने उशीर झाला होता, महिन्याने हास्यास्पद झाले असते, आणि वर्षाने तो कशाचा खुलासा हे वाचकाला समजावून सांगावे लागले असते. मग माझी बदली नंदुरबारला, डेस्कवर झाली. आता फोटो कापायचे काम माझ्याच हाताखालून जाते.

गुरुजी गेल्या वर्षी वारले. वर डोंगरात, स्वतःच्या गावी. तळोद्याच्या नव्या बातमीदाराने चार ओळी पाठवल्या. "आदिवासी भागात शिक्षणाचे मोलाचे कार्य" असे त्याने लिहिले होते. मी त्याला फोन करून गावाचे नाव विचारले. त्याला माहीत नव्हते. मी ते लिहिले. तेवढे माझ्या हातात होते.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते बदलीच्या आदल्या आठवड्यात. मोटारसायकलवरून पायथ्याच्या रस्त्याने येत होतो. गावाच्या बरेच अलीकडे वास सुरू झाला. आता तिथे टाकलेले ढोर दिवसेंदिवस पडून राही आणि कुत्र्यांच्या झुंडी जमत. रस्त्याने जाणाऱ्यांच्या मागे लागत. म्हणून गावाने ढोर पुरायचे ठरवले होते. नाल्याच्या काठी पाच-सहा माणसे खड्डा खणत होती. सुकलाल कमरेइतका आत होता. बाजूला एक फुगलेला बैल पडला होता. गुरुजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वरची माती मागे ओढत होते.

मी गाडी थांबवली. काही बोलायचे ठरवून थांबवली होती, असे आता वाटते. पण वास इतका होता की आधी रुमाल काढून नाकाला लावावा लागला. गुरुजींनी वर पाहिले. मग फावडे जमिनीला टेकवून डाव्या हाताने आपल्या शेजारची, नाल्याच्या वरच्या बाजूची जागा दाखवली.

"पत्रकार, तिथे वास लागतोय तुम्हाला. वाऱ्याच्या या बाजूला उभे राहा. इथे कमी येईल."

आणि ते पुन्हा माती ओढू लागले.

मी त्यांनी दाखवलेल्या जागी जाऊन उभा राहिलो. तिथे वास खरोखरच कमी होता.